मला कशाची माद्रीना?

मला पुढारी केलं तेव्हा मी चर्चच्या मागच्या स्वयंपाकघरात चांपुर्रादोचं, म्हणजे मक्याचं पीठ घातलेल्या घट्ट चॉकलेटचं, पातेलं ढवळत होते. ते तळाला लागलं की चॉकलेटला करपट वास येतो आणि मग दोन्या तिबू आठवडाभर तेच ऐकवत बसते. बाहेर हॉलमध्ये यादिरा नावाची पोरगी बायकांना विचारत होती, की बस मंडळापुढे आपल्या वस्तीतर्फे कोण बोलणार? नोएमी म्हणाली, "मी कसली, दोन्या तिबू वडीलधारी." दोन्या तिबू म्हणाली, "माझे दात बघ, हवा जाते सगळी. नोएमी शिकलेली आहे." नोएमीनं तिसरीकडे बोट केलं, तिसरीनं चौथीकडे. आमच्यात "मी करते" असं पहिल्या झटक्यात म्हणणारी बाई आगाऊ ठरते. आधी नको नको म्हणायचं, मग चारजणींनी आग्रह करायचा, मग नाइलाजानं हो म्हणायचं. मी तिथे नव्हते, त्यामुळे मला नको म्हणताच आलं नाही. पातेलं घेऊन बाहेर आले तर सगळ्या टाळ्या वाजवत होत्या. मला वाटलं, चांपुर्रादोसाठी.

"अभिनंदन, ओब्दुलिया!" यादिरा म्हणाली. "तू आता लीडर!"

"कशाची?" मी विचारलं.

सगळ्या हसल्या. मी विनोद केला नव्हता. पातेलं कुठे ठेवायचं हेही मला त्या क्षणी सुचेना.

यादिरा शहरातल्या कुठल्याशा संस्थेकडून यायची. जन्मली इथेच, कॅलिफोर्नियात, त्यामुळे माझ्या लेकीच्या वयाची असून मला सरळ अगं-तुगं करायची. आमच्यासारख्या बायकांना पुढे आणायचं हे तिचं काम होतं. पुढे म्हणजे नक्की कुठे, हे मी तिला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिनं मला मिठी मारली.

प्रश्न बसचा होता. आमची वस्ती म्हणजे बदामाच्या बागांमध्ये उभी केलेली ट्रेलरची घरं. शहराला जाणारी बस आमच्या फाट्यावर थांबते. मंडळाचं म्हणणं, इथे चढतं कोण? थांबा बंद करू. चढणाऱ्या बायका थोड्याच होत्या हे खरं. पण त्यातली एक माझी कोमाद्रे चेलो होती.

चेलोनं माझ्या लेकीला, इत्झेलला, बाप्तिस्म्याला मांडीवर घेतलं, तेव्हापासून ती इत्झेलची माद्रीना, म्हणजे धर्माची आई, आणि माझी कोमाद्रे. त्या दिवसापासून आम्ही एकमेकींना अहो-जाहो करतो. त्याआधी तिकडे मेक्सिकोत, मिचोआकानमध्ये, एका गल्लीत, आम्ही एकमेकींच्या झिंज्याही ओढल्या आहेत. आता मात्र भांडायचं तरी "तुम्ही" म्हणून भांडावं लागतं.

चेलोच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीन दिवस ती पहाटेच्या बसनं शहरात जायची, मशीनला हात लावून रक्त धुऊन घ्यायची आणि दुपारी पिवळी पडून परत यायची. वस्तीत सांगितलं होतं, की ती शहरात एका म्हातारीची सेवा करते. भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा ब्लाउज. कारण डाव्या हातात डॉक्टरांनी दोन शिरा एकत्र जोडलेल्या, त्या फुगून दोरखंडासारख्या दिसतात. त्यांवर तळवा ठेवला तर आत सतत घुरघुरतं, मांडीवरच्या मांजरासारखं. इत्झेल लहानपणी तिथे कान लावून झोपायची. हे ठाऊक होतं फक्त तिच्या घरी आणि माझ्या घरी. तिचा नवरा सफरचंदांच्या हंगामाला उत्तरेत, माझी पॅकिंगची पाळी उजाडायच्या आधीची. बस बंद झाली तर चेलो कशी जाणार, हे मला कळेना. न जाऊन किती दिवस काढता येतात ते मात्र कळत होतं, आणि म्हणून झोप लागत नव्हती.

यादिरानं मला तयार करायला घेतलं. तिथे बोलायला दोन मिनिटं मिळतात.

"माफ करा म्हणायचं नाही," ती म्हणाली. "तुमच्या परवानगीनं, म्हणायचं नाही. देवाच्या कृपेनं, म्हणायचं नाही. खाली बघायचं नाही."

"मग उरलं काय?"

"तुझी गोष्ट! तुझी स्वतःची गोष्ट सांग. गोष्टीनं माणसं हलतात."

इथेच घोटाळा होता. गोष्ट माझी नव्हतीच. मी चेलोकडे गेले. ती खुर्चीवर बसून बर्फाचा खडा चघळत होती. पाणी तिला मोजकंच चालतं.

"कोमाद्रे, तुमच्याबद्दल सांगू का तिथे?"

"माझं नाव घेतलंत, तर इत्झेलच्या लग्नात मी पाऊल ठेवणार नाही."

"अहो, तिचं लग्न ठरलंय कुठे?"

"ठरेल तेव्हा नाही येणार." तिनं खडा या गालातून त्या गालात नेला. "मला कुणाची कीव नको. कीव करायला आलेली बाई आधी माझी न घासलेली भांडी बघते."

तर अशी मी मंडळापुढे उभी राहिले. समोर उंचावर पाच माणसं, मध्ये पांढऱ्या केसांचे अध्यक्ष. शेजारी दुभाषी मुलगी. एक हिरवा दिवा लागला. यादिरानं शिकवलेलं पहिलं वाक्य मला आठवत होतं, पण आल्या आल्या तोंडावर मागणी फेकायची? ओळख ना पाळख? मी अध्यक्षांना नमस्कार सांगितला. मग उरलेल्या चौघांना, एकेकाला, कारण एकाला सांगून दुसऱ्याला न सांगणं बरं दिसत नाही. दुभाषी मुलीला धन्यवाद दिले, तिच्या आईवडिलांची विचारपूस केली. ती बिचारी स्वतःबद्दलचंच इंग्रजीत सांगताना लाल झाली. सगळ्यांचा वेळ घेते म्हणून माफी मागितली. आमच्या गावाचं नाव सांगितलं. देवाच्या कृपेनं, म्हटलं, आणि तुमच्या परवानगीनं...

घंटी वाजली. दिवा लाल झाला.

"थँक यू," अध्यक्ष हसून म्हणाले.

मी खाली आले. बसबद्दल एक अक्षर नाही. यादिरानं चेहरा ओंजळीत धरला होता. आणि मला धड हेही कळेना, की मी सवयीनं बोलत राहिले, की त्या एका नावाशी पोचायचं नव्हतं म्हणून नमस्कार लांबवत बसले.

घरी माझा नवरा फिदेन्सिओ दारातच उभा. "लीडरबाई आल्या! आज बीन्स मिळतील का, की त्यासाठी अर्ज करायचा?"

"तुझं तोंड बंद राहील का, की त्यासाठी मंडळ बोलवायचं?" मी म्हटलं आणि बीन्स गरम करता करता रडले. राग आला होता. कुणाचा, ते ठरत नव्हतं.

निर्णय पुढच्या बैठकीत होता. दुसऱ्या दिवशी दोन्या तिबू गोड पाव घेऊन आली. भिंतीवर इत्झेलच्या पंधराव्या वाढदिवसाचा फोटो आहे, फुगेदार गुलाबी झग्यातला. तिनं पाव बुडवत त्याच्याकडे बोट केलं.

"हा केक कुणाचा?"

"तुमचा. तुम्ही केकच्या माद्रीना होतात."

"चपला?"

"नोएमीच्या. ती चपलांची माद्रीना."

"आणि बॅण्ड, हॉल, फुलं, सगळ्याचा खर्च कुणी कुणी उचलला. तू एकटी करायला गेली असतीस, तर पोरगी अनवाणी नाचली असती. मग तिथे एकटी काय तडफडायला गेलीस, बये?"

मी पाव हातात धरून बसून राहिले. दोन मिनिटं एका बाईला मिळतात. पण बाया तर आमच्याकडे भरपूर.

संध्याकाळी मी दारोदार फिरले. दोन्या तिबू नमस्कारांची माद्रीना, म्हातारीला ते शोभतं. नोएमी आभारांची. एक माफीची, एक गावाच्या नावाची, एक देवाच्या कृपेची, एक थांब्यावरच्या उन्हाची, एक शाळकरी पोरांची. प्रत्येकीनं आधी नको नको म्हटलं, मी आग्रह केला, मग हो म्हणाल्या. सगळं रीतसर झालं. शेवटची दोन मिनिटं माझी. त्यात काय बोलायचं ते माझं मला माहीत नव्हतं.

यादिरा ऐकून हबकली. "अगं, सबंध दोन मिनिटं नुसते नमस्कार? प्रत्येकीनं मुद्दा मांडायचा असतो!"

"मुद्दा येईल. नमस्कार आधी," मी म्हटलं. इतक्या ठामपणे मी याआधी फक्त फिदेन्सिओशी बोलले होते.

बैठकीच्या आदल्या दिवशी दारावर थाप पडली. चेलो. घामाघूम, लांब बाह्या.

"मला कशाची माद्रीना केलीत?"

मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"तिबूला नमस्कार, नोएमीला आभार. त्या नव्या होन्डुरासच्या पोरीला, जिला अजून शेजाऱ्यांची नावं माहीत नाहीत, तिला ऊन! आणि मला?"

"कोमाद्रे, तुम्हीच म्हणालात, नाव घेऊ नका."

"नाव घेऊ नका म्हटलं होतं. वगळा म्हटलं नव्हतं." तिनं बाहीनं घाम पुसला. "मी अजून मेलेली नाही."

"मग काय देऊ? सांगा ना, काय देऊ?"

ती निघून गेली. मी दारात तशीच उभी. लाजेनं माझे कान तापले. तिचा मान राखायला म्हणून मी तिला बाजूला ठेवलं होतं आणि तोच तिचा अपमान झाला होता. आता तिला बोलवायचं, की तिची माफी मागायची, की तिला एकटं सोडायचं? काहीच ठरवता आलं नाही.

बैठकीला आम्ही दोन रांगा भरून बसलो. चेलो मागे, दाराजवळ. दोन्या तिबू उठली आणि तिनं नमस्कार घातले. काय घातले! प्रत्येकाला, त्याच्या घरच्यांना, मागच्या खुर्चीतल्या पोलिसालासुद्धा. घंटीच्या आत संपवले. मग नोएमीनं आभार मानले. मग माफी. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, शेजारच्या बाईंच्या कानात काही विचारलं, बाईंनी खांदे उडवले. तिसऱ्या-चौथ्या बाईपासून मात्र ते पुढे झुकून ऐकू लागले, बहुधा हे कुठे चाललंय ते बघायला. मलाही तेच बघायचं होतं.

माझं नाव पुकारलं. मी उठले. दिवा हिरवा झाला. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

तेवढ्यात मागून पावलं वाजली. चेलो आली. माझ्या दंडाला धरून तिनं मला हळूच बाजूला सरकवलं, लहानपणी नळावर सरकवायची तसं.

"नमस्कार, आभार, माफी, सगळं झालेलं आहे," ती म्हणाली. "म्हणून मी थेट बोलते."

तिनं डावी बाही कोपराच्या वर गुंडाळली. आमच्या रांगेत कुणीतरी श्वास आत ओढला. मग तिनं माइकची मान वाकवली आणि तो हातावरच्या फुगलेल्या शिरांवर दाबून धरला.

हॉलभर आवाज भरला. घुर्र, घुर्र, घुर्र. छतातल्या भोंग्यांतून, भिंतींवरून, आमच्या खुर्च्यांखालून. दुभाषी मुलीनं तोंड उघडलं आणि तिला कळेना की याचं इंग्रजी काय करायचं. मी त्या आवाजाला आजवर फक्त तळव्यानं ओळखत होते. तो इतका मोठा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

दिवा पिवळा झाला तेव्हा चेलोनं माइक सरळ केला.

"हे रक्त आठवड्यातून तीनदा धुवावं लागतं. मी तुमच्या बसनं जाते." थोडं थांबून म्हणाली, "एवढंच."

घंटी वाजली.

त्यानंतर काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. वरची माणसं आपसात भराभर इंग्रजी बोलली. एकानं हात वर केला, मग दोघांनी, मग एकानं खाली घेतला. आम्ही टाळ्या वाजवल्या, तर अध्यक्षांनी थांबायची खूण केली, अजून संपलं नव्हतं. मग संपलं, तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नोएमी म्हणाली, थांबा राहिला. दुसरी म्हणाली, नाही, विषय पुढे ढकलला. यादिरा रडत होती, पण ती आनंदातही रडते, तिच्यावरून काही ठरवता येत नाही. ती मला मिठी मारून म्हणाली, "बघ, तू खरी लीडर!" मी तर दोन मिनिटांत एक शब्द बोलले नव्हते.

बाहेर दोन्या तिबूनं चेलोची बाही खाली ओढून बटण लावून दिलं. "शहरातली म्हातारी बरी आहे ना गं?" तिनं विचारलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"आम्हाला डोळे आहेत, पोरी."

मंडळ लेखी कळवणार होतं, पण पत्र आलं नाही आणि जुन्या नोटिशीतला, थांबा बंद व्हायचा, सोमवार उजाडला. मी पॅकिंगला उशिरा येते म्हणून कळवलं होतं. फाट्यावर पोचले तर अंधारात सगळ्या उभ्या. नोएमी, होन्डुरासची पोरगी, दोन्या तिबू घोंगडी पांघरून. जायचं कुणालाच नव्हतं. चेलो मधोमध, आखूड बाह्यांच्या ब्लाउजमध्ये, थंडीनं काटा आलेला.

"येईल का?" नोएमीनं मला विचारलं.

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मला कसं ठाऊक? पण त्या वाट बघत होत्या, म्हणून मी म्हटलं, "नाही आली, तर फिदेन्सिओला उठवू. उद्या नोएमीचा भाऊ, परवा आणखी कुणी. गाडीच्या माद्रीना शोधू." बोलून झाल्यावर कळलं, की हे मी आधी ठरवलेलं नव्हतं.

बदामांच्या मागून दोन दिवे आले. ट्रकचेही असतील. रस्ता सरळ आहे, लांबून काही कळत नाही. मी चेलोचा हात धरला, आणि तळव्याखाली ते घुरघुरणं नेहमीपेक्षा जोरात चाललं होतं.

एका बाजूला वळायचा पिवळा दिवा लुकलुकला. गाडीचा वेग कमी झाला. दार उघडलं आणि ड्रायव्हर आमच्या गर्दीकडे बघतच राहिला. मी सवयीनं पुढे झाले, त्याला नमस्कार करायला तोंड उघडलं.

"कोमाद्रे," चेलो पायरीवर चढत म्हणाली, "आता पुरे. बस निघून जाईल."