तिसरा आग्रह

तिसऱ्या वर्षीही अध्यक्ष राहण्यात प्रकाशचा फायदा काय होता, ते आधी पाहू. गणेशोत्सवात वॉर्ड कचेरीच्या पाहुण्यांशेजारची खुर्ची. पत्रिकेवर जपानी लिपीत सर्वांत वर नाव. आणि ऑफिसात, जिथे त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान माणूस त्याची रजा मंजूर करायचा, तिथे 'काइचो-सान', म्हणजे अध्यक्षसाहेब, अशी हाक. तोटा जवळपास नव्हताच. मोदक वळण्यापासून कचरा वेगळा करण्यापर्यंतची कामं इतर लोक करत.

अडचण एकच, आणि तीही स्वतः ओढवून घेतलेली. दोन वर्षांपूर्वी टोकियोच्या एदोगावा भागातल्या मराठी मंडळाचं अध्यक्षपद घेताना त्याने वॉशिंग्टनवर भाषण ठोकलं होतं. अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष दोन मुदती झाल्यावर, कोणी न हाकलता, आपल्या शेतावर परतला. मीही दोन वर्षांनी परतेन. मंडळाच्या घटनेत मुदतीचा नियम नव्हता. भाषण मात्र बऱ्याच फोनांत रेकॉर्ड झालं होतं.

शब्द न मोडता राहायचं, तर लोकांनी गळ घालायला हवी. फुनाबोरीत त्याच्याच इमारतीत राहणाऱ्या आणि रोज स्टेशनापर्यंत सोबत चालणाऱ्या मित्राला, भानुदासला, त्याने कामाला लावलं.

"तू आग्रह करायचास. मी नाही म्हणेन. पुन्हा कर, मी पुन्हा नाही म्हणेन. तिसऱ्यांदा केलास की मी गप्प बसेन."

"म्हणजे पंगतीतल्या जिलबीसारखं."

"तसंच. फक्त मी ताटावर हात धरला म्हणून पुढे सरकू नकोस!"

सभा रविवारी सकाळी, वॉर्डाच्या सभागृहातल्या एका खोलीत भरली. खोली बारापर्यंतच, तोवर खुर्च्या जागेवर लावून किल्ली परत द्यायची. सव्वाअकराला भानुदास उठला आणि म्हणाला, "प्रकाशशिवाय मंडळ म्हणजे... नकोच तो विचार."

पहिला नकार पाच मिनिटांत उरकला. दुसऱ्या आग्रहानंतर प्रकाशला सूर सापडला. सरकार कायद्याने चालतं, पण टिकतं माणसांच्या चारित्र्यावर. गट पडले की स्वातंत्र्य गेलंच समजा. इथे पुणेकरांनी मुंबईकरांकडे पाहिलं, मुंबईकरांनी पुणेकरांकडे. माणूस सत्ता घेताना नाही, सोडताना कळतो.

"प्रकाशदादा," उपाध्यक्ष केतकीने मध्येच विचारलं, "पण ज्या शेतावर ते परतले, तिथे गुलाम राबत होते ना?"

"तो वेगळा विषय आहे."

"स्वातंत्र्याचाच चाललाय ना?"

लोक हसले. प्रकाशला ते लागलं, म्हणून त्याने आणखी पंधरा मिनिटं घेतली. मोठ्या माणसाचे दोष झाकू नयेत, म्हणाला. पण त्याने जे सोडलं तेही विसरू नये. एव्हाना हे त्याचं त्यालाच पटायला लागलं होतं. मंडळातल्या ज्येष्ठ गीतामावशींनी डोळे पुसले. टाळ्या वाजल्या, आणि त्या खऱ्या होत्या.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. सभागृहाचे वयस्कर कर्मचारी वाकून उभे होते. दहा मिनिटं उरली होती. या देशात दहा वर्षं काढलेली माणसं एकदम उठली आणि खुर्च्या उचलू लागली.

"तरीपण माझी विनंती..." भानुदास दोन हातांत दोन खुर्च्या घेऊन म्हणाला. खडखडाटात ते कोणाला ऐकू गेलं नाही.

केतकीला गेलं. "भानुदासदादा, ते दोनदा नाही म्हणालेत. आता पुन्हा विचारणं म्हणजे त्यांच्या शब्दावर अविश्वास. हो ना, प्रकाशदादा?"

प्रकाशने तोंड उघडलं. सगळे त्याच्याकडे कौतुकाने पाहत होते. त्याने होकारार्थी मान हलवली.

चिटणीस स्वरूपाने तसं लिहून घेतलं. गीतामावशींनी केतकीचं नाव सुचवलं. ज्यांचे हात मोकळे होते त्यांनी हात वर केले, बाकीच्यांनी माना डोलावल्या. दोन वर्षांचीच मुदत घटनेत घालायचा ठरावही तिथेच झाला, प्रकाशदादांच्या सन्मानार्थ. बाराला पाच मिनिटं कमी असताना किल्ली परत गेली.

घरी बायकोने, जयमालाने, त्याला चहा दिला. "एकदाच नाही म्हणायचं होतंस."

"शोभलं नसतं."

"मग आता शोभतंय का?"

तर जमाखर्च असा. मंडळाला नियम मिळाला, केतकीला पद. वॉशिंग्टनचं काही गेलं नाही. खुर्ची, पत्रिका आणि ती हाक मिळून सगळी किंमत प्रकाशने मोजली. थोडी भानुदासनेही, कारण पुढचे चार महिने स्टेशनापर्यंत त्याला एकट्यानेच चालत जावं लागलं.