पाचवं शील

नापाच्या डोंगरातल्या वाइनच्या तळघरात पोचेपर्यंत मला विवेकला एक गोष्ट विचारता आली नव्हती. त्याच्या आईचा पहिला स्मृतिदिन नोव्हेंबरात होता. नागपूरला पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवायचा होता. त्या कार्यक्रमाला विवेक येणार का, एवढंच. कॅलिफोर्नियाच्या शेजारच्या राज्यात, चँडलरला, मुलाच्या घरी येऊन मला महिना होत आला होता. सकाळी तो कॉलवर असे, संध्याकाळी थकलेला. मी पुस्तक उघडून वाक्य जुळवत बसे आणि तो समोर आला की पान उलटत असे.

लाँग वीकेंडला त्याचे पुण्याचे मित्र, परीक्षित आणि आश्लेषा, कॅलिफोर्नियाला निघाले. विवेकने मलाही बरोबर घेतलं. वाटेत कधीतरी विचारू, असं मी ठरवलं. तेही जमलं नाही.

तो डोंगर ज्वालामुखीच्या राखेचा, म्हणून दगड मऊ. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी चिनी मजुरांनी कुदळीने हे बोगदे खोदले, असं गाईड सांगत होती. भिंतीवर घाव दिसत होते. आतून गार हवा आली आणि मी वाकून बूट काढले.

"पप्पा, काय करताय?" विवेक दबक्या आवाजात म्हणाला.

काय सांगणार? आम्ही लेण्यात जाताना पायातलं बाहेर ठेवतो. हात आपोआपच गेला होता.

"काका, इथे आत फक्त पिंपं आहेत हो!" आश्लेषा हसली. "घाला बूट, काचबिच लागेल."

आत पिंपांच्या रांगांमध्ये एक लांब टेबल होतं. ग्लास भरले गेले. मी नको म्हणालो.

"अहो काका, प्यायचंच नाही," परीक्षितने एक छोटी बादली माझ्याकडे सरकवली. "तोंडात फिरवायची आणि थुंकायची. ऑफिशियली तुम्ही प्यायलाच नाहीत."

"इतक्या लांब येऊन थुंकायचं?"

सगळे हसले. विवेकही हसला. मला फार बरं वाटलं.

मग परीक्षितने एक आलाप घेतला. दगडात आवाज सुरेख घुमला. "आता काका!" आश्लेषा म्हणाली. मी विवेककडे पाहिलं. त्याने खांदे उडवले. मला दुसरं काही पाठ नव्हतं, म्हणून त्रिसरण सुरू केलं. घरी त्याची आई पुढे म्हणायची आणि आम्ही दोघं मागून. त्या सवयीने मी प्रत्येक ओळीनंतर थांबत होतो. विवेक काही म्हणत नव्हता. माझाच आवाज तेवढा परत येत होता.

मग पंचशील घेतलं. चौथं झालं आणि मी अडलो. पाचवं शील मद्यापासून दूर राहण्याचं. विवेकच्या हातात ग्लास होता.

"किती शांत वाटलं, काका!" आश्लेषाने टाळ्या वाजवल्या. "संपलं?"

"हो. संपलं."

ती दोघं बाटल्या घ्यायला थांबली. आम्ही बाहेर गाडीपाशी आलो.

"पाचवं का सोडलंत?" विवेकने विचारलं.

"तुझे मित्र होते."

"आईने सोडलं नसतं."

"नसतंच सोडलं." आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं. "नोव्हेंबरात येशील? तिच्या कार्यक्रमाला?"

त्याने खिशातून फोन काढला, परत ठेवला.

"व्हिसा स्टॅम्पिंगची डेटच मिळत नाहीये, पप्पा. गेलो आणि तिकडेच अडकलो तर जॉब जाईल. तुम्हाला सांगणारच होतो, पण रोज राहून जात होतं."

म्हणजे त्यालाही जमत नव्हतं. माझ्यावरच गेला होता.

"मी व्हिडिओवर येईन," तो म्हणाला. "नक्की येईन."

"ये. भंतेजींना सांगून ठेवतो. फोन तिच्या फोटोशेजारी ठेवू."

त्याने मान हलवली. तेवढ्यात परीक्षित हाक मारत आला. डिकीत जागा नव्हती, म्हणून बाटल्यांचं एक खोकं मागच्या सीटवर आमच्या दोघांच्या मध्ये ठेवलं. आश्लेषाने गाडी सुरू केली. खोक्यापलीकडे विवेक खिडकीबाहेर बघत बसला होता.

"बेल्ट लाव," मी म्हणालो.

त्याने लावला.