उलटी टांगलेली बाज

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे, दोरीने विणलेली खाट. आज मला पाहाल तर तुम्ही दिवा समजाल. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेतल्या एका छोट्या, झोकदार लॉजच्या छताला मी उलटी टांगलेली आहे. चारही पाय वर, आणि दोऱ्यांतून सात बल्ब लोंबतात.

माझा जन्म समुद्रपूरकडच्या एका खेड्यातला. तानबाने बाभळीचे पाय तासले, अंबाडीची दोरी स्वतः वळली आणि मला विणले. दर महिन्याला पायथ्याची दोरी ओढून तो माझा झोळ काढायचा. माझ्यावर त्याची बायको वच्छलाबाई बाळंत झाली, त्यांचा स्वप्निल रांगला, पापड वाळले, पाहुणे घोरले. "हिच्यावर जावयाले बसवू नका, उठनार नाई तो," अशी एका पाहुण्याने माझी तारीफही केली होती.

मग घरात लोखंडी पलंग आला आणि मी गोठ्याच्या भिंतीला टेकले. तिथून मला साकेत आणि इला यांनी आणले. दोघेही मास्तरांच्या घरचे. नोकऱ्या सोडून त्यांनी हे स्वस्तातले लॉज काढले. गल्लीही त्यांच्यासारखीच. चित्रकार, नाटकवाले, गिटारवाले, आणि काहीच न करता नुसती दाढी वाढवणारे. तानबाने मला फुकटच दिले. वर्ध्याला आलात तर आमच्याकडेच उतरायचे, असा शब्द साकेतने त्याला दिला.

सुलटी मी साकेतला फार साधी वाटले असावे. वर्षभरात माझे सहाशेच्या वर फोटो निघाले, मी मोजले आहेत. पाठ मात्र एकानेही टेकली नाही.

गेल्या उन्हाळ्यात तानबाला वर्ध्याच्या दवाखान्यात भरती केले. दुपारी स्वप्निल आईला घेऊन इथे आला. इलाने लगेच खोली दिली, सरबत दिले. वच्छलाबाईने वर पाहिले आणि पेला तसाच खाली ठेवला. आमच्याकडे बाज उलटी करतात ती घरातले माणूस गेल्यावर. त्याआधी कधीच नाही.

"बाई, हे बाज काऊन उलटी केली? माहा मानूस जित्ता हाये अजून."

"काकू, ती डिझाइन आहे," इला हसून म्हणाली.

"असन. पन सरळ करा. मी हिच्याखाली झोपनार नाई."

साकेत समजावू लागला. वर वायरिंग आहे, पुण्याची मंडळी फोटो काढायला येताहेत, ती परवा गेली की काढूच. वाईट बोलला नाही तो, गोडच बोलला. वच्छलाबाई पिशवी उचलून निघाली आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात फरशीवर जाऊन पडली. संध्याकाळी पुण्याची मंडळी आली. किती अस्सल, म्हणाली.

तिसऱ्या दिवशी साकेत खरेच शिडी घेऊन आला. तेवढ्यात स्वप्निल दारात उभा राहिला, राहिलेला डबा न्यायला. डोके भादरलेले. त्याने शिडीकडे पाहिले.

"राहू द्या, दादा. आता बराबर हाये."

साकेतने शिडी परत नेली.

मित्रांनो, जुनी वस्तू खुशाल न्या, सजवा, मिरवा. पण तिच्या घरचे माणूस तिच्यासाठी काही मागत असेल, तर त्याच दिवशी ऐका. शिडी त्या दुपारीही जिन्याखालीच होती.