सातव्या भागातला साद

यवतमाळात नरहरकाकांच्या घराची पुढची खोली हे माझं दुकान होतं. काका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, त्यांच्या घरात तीन पिढ्या सगळे नोकरीवालेच, त्यामुळे आपल्या बैठकीत कुणी स्क्रूड्रायव्हर घेऊन टीव्ही उघडून बसावं हे त्यांच्या सुनेला, सुचित्रावहिनींना, सुरुवातीला जड गेलं होतं. पण पाच वर्षांत त्यांना माझी सवय झाली. मी नववीतच शाळा सोडली आणि टीव्ही दुरुस्तीला लागलो. संचाशी बोलावं लागत नाही, हे मला त्या कामात सगळ्यात आवडलं.

दुरुस्त झालेला संच मी लगेच देत नसे. दोन तास चालू ठेवून पाहत असे, कारण थंड संचात लपलेला दोष तो तापल्यावरच बाहेर येतो. त्यामुळे भिंतीलगत कायम चार-पाच संच एकाच वाहिनीवर, आवाज बंद करून चालू असत. दुपारी चारला काका आतल्या दारातून दोन कप चहा घेऊन येत आणि स्टुलावर बसून जुने साहेब, गुडघे, भारनियमन, असं एकटेच बोलत राहत. मी मान हलवत ऐकायचो. अम्मा गावी, बोरी अरबला, मी इथे, आणि दिवसभरात कामाशिवाय माझ्याशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. त्या अर्ध्या तासाची मी सकाळपासून वाट बघत असे.

कापसाची ती वाईट वर्षं होती आणि जिल्ह्यात कॅमेरेवाल्यांची ये-जा वाढली होती. आधी बातम्यांचे लोक येऊन गेले, मग दोन हजार सहाच्या हिवाळ्यात मालिकेचे लोक आले. शहराबाहेरच्या एका बंद जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीत, त्यांनी कापसाचं गाव उभं केलं होतं. दिग्दर्शक ज्यात चित्र बघतो तो त्यांचा छोटा संच बिघडला म्हणून मला बोलावलं. मी तो दुरुस्त करत असताना अनिमेष नावाचा सहायक माझ्याकडे बघत उभा होता. त्यानं माझं नाव विचारलं, मी ‘साद’ असं सांगितलं, आणि तो खूश झाला. म्हणाला, आमचा एक माणूस आलेला नाही, एकच प्रसंग आहे, उभं राहाल का? मला नाही म्हणता येत नाही. मी हो म्हणालो.

त्यांनी मला जाळीची टोपी दिली, डोळ्यांत सुरमा घातला, गळ्यात काळ्या दोऱ्यात ताईत बांधला. मी आयुष्यभर पँट-शर्टच घालत आलो होतो, तसं मी हळूच म्हटलंही. अनिमेष चिडला नाही, उलट समजावून सांगायला लागला. ‘‘तुम्ही बरोबर आहात हो. पण पडद्यावर बघताक्षणी कळायला नको का?’’ काय कळायचं ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्याच्या हातातल्या कागदावर माझ्या भूमिकेपुढे फक्त ‘मुसलमान – १’ असं लिहिलेलं होतं. एवढ्याशा कामाला नाव कशाला, असं त्याला वाटलं असावं.

प्रसंग सोपा होता. कापसाच्या गाडीजवळ मी उभा, गावातला एक माणूस येऊन दरडावतो, ‘‘तू कोण बे?’’ आणि मी गप्प राहून खाली बघायचं. पण कॅमेरा सुरू झाला, त्या नटानं खरंच दरडावलं, आणि घाबरून माझ्या तोंडून निघालं, ‘‘साद.’’ दिग्दर्शकाला ते आवडलं. राहू द्या म्हणाला. मी गाडीमागून चालत जाऊन टोपी काढून ठेवली, तोंड धुतलं आणि सायकलनं घरी आलो.

तो सातवा भाग होता. संध्याकाळी सातला काकांनी मला आत बोलावून घेतलं, वहिनींनी पोहे केले होते. मी पडद्यावर आलो तेव्हा काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ‘साद’ हा शब्द मात्र दुसऱ्याच कुणाच्या जाड, खर्जातल्या आवाजात आला. वहिनी हसल्या, म्हणाल्या तुझा आवाज त्यांच्या यंत्राला ऐकू आला नसेल. मग पडद्यावरचा मी गाडीमागे गेला. तिथे मी टोपी काढली होती. त्यानं काढली नाही. तो गोदामाच्या सावलीत थांबला, मान वळवून त्यानं मागे बघितलं, आणि प्रसंग संपला.

मागे बघितल्याचं मला आठवत नव्हतं. पण तोंड धुताना आपण कुठे बघतो हे तरी कुणाला आठवतं, असं मी स्वतःला सांगितलं आणि पोहे संपवले.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला. वजनकाट्याजवळ उभा राहून एका म्हाताऱ्याशी गोड बोलत होता. त्यानंतर तो रोजच येऊ लागला. गोदामात कुणाला तरी लपवायचा, फोनवर खालच्या आवाजात बोलायचा, दुसऱ्यांच्या मुलींकडे बघायचा. मी एकच दिवस गेलो होतो, आणि चित्रीकरणवाले संक्रांतीआधीच निघून गेले होते. दुकानात संच तपासायला लावले की दुपारच्या पुनर्प्रक्षेपणात पाच काचांमध्ये तो एकदम मान वळवायचा. आधी वाटलं, माझ्यासारखा दिसणारा कुणी मिळाला असेल त्यांना. मग एका मंगळवारी सोल्डरिंगची कांडी लागून माझ्या उजव्या अंगठ्यावर फोड आला. गुरुवारी त्यानं बिडी पेटवली तेव्हा काडी धरलेल्या अंगठ्यावर तो फोड होता.

गिऱ्हाइकांना यात नवल वाटत नव्हतं. रिक्षावाला प्रेमसिंग आपला संच न्यायला आला तेव्हा डोळा मारून म्हणाला, ‘‘काय बे साद, काल तं कापसाच्या गंजीले आग लावून राह्यलता तू.’’ मी म्हटलं, तो मी नाही. ‘‘मंग काय मी होतो?’’ म्हणून तो हसला. दोन आठवड्यांनी त्याची बायको दुसरा संच घेऊन आली, ती पायरी चढलीच नाही. बाहेरूनच म्हणाली, राहू द्या, आम्ही दुसरीकडे दाखवतो. वहिनींनी आतल्या दाराला कडी लावायला सुरुवात केली. काका चहा आणायचे, पण त्यांची नजर माझ्यामागे रचलेल्या खोक्यांवर जायची. एकदा त्यांनी विचारलंच, त्यात काय आहे रे? जुन्या पिक्चर ट्यूबा होत्या. मी एकेक खोकं उघडून दाखवलं. त्यांनी बघितलं, मान हलवली, आणि चहा अर्धाच ठेवून उठले.

त्याच दिवशी मी एसटीडी बूथवरून अनिमेषला फोन लावला. चार वेळा मनात वाक्य जुळवून झाल्यावर विचारलं की माझी भूमिका आता कोण करतं. त्याला मी आठवलो. ओशाळल्यासारखा म्हणाला, ‘‘तुमचा प्रसंग कापला हो आम्ही. वरून सांगितलं, उगाच वाद नको. आपल्या मालिकेत आता एकही मुसलमान नाही.’’

मी हे जसंच्या तसं काकांना सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नव्हे, खोटं बोलणाऱ्या आपल्याच माणसाकडे बघतात तसं.

‘‘मंग दोन महिने मी कोणाले पाहून राह्यलो रे?’’

अंगठा मी मुठीत झाकून घेतला होता. काका म्हणाले, सून म्हणते खोली रिकामी करून घ्या, मी आजवर टाळलं, पण आता मलाच कळत नाही कोण बसतं या खोलीत. मग त्यांचा आवाज जरा मऊ झाला.

‘‘तुही माय काय म्हणते? तिनं पाहिलं काय?’’

अम्माच्या घरी टीव्हीच नव्हता.

‘‘तिले दाखव,’’ काका म्हणाले. ‘‘माय पोराले ओळखाले चुकत नाही. ती म्हणाली का हा माहा साद नोहे, तं मी मानतो. मंग कोणी काही म्हणो. चार वाजता चहा घेऊन मीच येईन.’’

शनिवारी सकाळी चौदा इंची एक छोटा संच चादरीत गुंडाळून मी एसटीत बसलो. वाटेत दोन्हीकडे कापसाच्या पऱ्हाट्या वाळून उभ्या होत्या. संच मी मांडीवर धरला होता आणि काचेची बाजू माझ्याकडे येणार नाही असा धरला होता. मला पहिल्यांदाच बरं वाटत होतं. जगात एक माणूस असा होता की ज्याला मी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

अम्मा, तिचं नाव सुग्राबी, अंगणात तुरी पाखडत होती. इतक्या दिवसांनी का आलास, म्हणून तिनं सूप माझ्यावर उगारलं, मग माझ्या गालावरून हात फिरवला. मी तिला काहीच सांगितलं नाही. आधी सांगितलं असतं तर ते तिचं स्वतःचं बोलणं झालं नसतं. शेजारच्या हंसाबाईंकडून केबलची तार भिंतीवरून ओढून घेतली. हंसाबाई तारेसोबत भिंतीपर्यंत आल्या, आणि मला पाहताच तशाच आत वळल्या. पुनर्प्रक्षेपण अडीचला होतं. अम्मानं भाकर टाकून ठेवली, हात पुसले आणि बाजेवर बसली. मी तिच्याशेजारी, जमिनीवर.

तो सुरुवातीलाच आला. टोपी, सुरमा, ताईत. जिनिंगच्या दारात उकिडवा बसून तो काही खात होता, भराभर, कुणी बघेल अशा भीतीनं. त्याला खाताना मी याआधी बघितलं नव्हतं. अम्मा पुढे झुकली. मी वाट बघत होतो. मी तिच्याकडे बघितलं नाही, कारण तिनं आपणहून म्हणायला हवं होतं.

‘‘कित्ता सूख गया रे,’’ ती काचेला म्हणाली. ‘‘वहाँ कोई खिलाता नहीं क्या तेरेकू?’’

त्यानं खाणं थांबवलं. मालिकेत पुढे कुणी तरी यायचं असेल, त्याची चाहूल घेत असेल. पण तो बराच वेळ तसाच, घास हातात धरून बसला होता, आणि अम्मा त्याला घर सोडल्यापासूनचं सगळं विचारत होती. पाणी कसं आहे तिथलं. रात्री अंगावर घ्यायला आहे का. तिच्या आवाजात अशी माया होती की मला क्षणभर त्याचा हेवा वाटला.

मी म्हटलं, ‘‘अम्मा, मैं इधर हूँ.’’

ती दचकून वळली. माझ्याकडे तिनं नीट बघितलं, पायांपासून तोंडापर्यंत. मग परक्या पुरुषासमोर घेतात तसा तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि बाजेवर थोडी सरकून माझ्यासाठी जागा केली.

‘‘वर बसा ना, जमिनीवर काहून बसले?’’ ती मराठीत म्हणाली. ‘‘तुमी माह्या सादच्या संगं काम करता काय?’’

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्याची काही तरी खबर मिळेल म्हणून ती माझ्या तोंडाकडे इतक्या आशेनं बघत होती, की मी हो म्हणालो.