चौदा नंबरचा हिरवा डबा

मित्रांनो, नाक मुरडून झालं असेल तर जरा जवळ या. मी कचऱ्याचा एक जुना डबा आहे. हिरव्या झाकणाचा, दोन चाकांचा. माझ्यापाशी कुणी गप्पा मारायला थांबत नाही. लोक झाकण उचलतात, श्वास रोखतात, हातातलं टाकतात आणि मोकळे होतात. पण मलाही एक घर आहे, एक गल्ली आहे. आणि माझ्या पोटात रोज जे पडतं, त्यावरून त्या घरात काय चाललं आहे ते मला बरोबर कळतं.

माझा जन्म ॲडलेडजवळच्या एका कारखान्यात झाला. प्लॅस्टिकचे दाणे वितळवून तो गरम रस साच्यात भरला आणि साचा उघडला तेव्हा मी बाहेर आलो. इतका चकचकीत होतो, की माझ्यात कुणी कधी काही टाकेल असं मनातही आलं नाही. मग आम्हा भावंडांना एकात एक बसवून ट्रकवर चढवलं. गव्हाच्या शेतांमधून लांबवर जाऊन ट्रक समुद्रकाठच्या एका लहान गावात थांबला. कधीकाळी इथे तांब्याच्या खाणी होत्या. खाणी केव्हाच बंद पडल्या, पण खाणकामगारांची नातवंडं आणि त्यांची पास्टी तेवढी इथे राहिली. पास्टी म्हणजे कणकेच्या जाड पोळीत मांस, बटाटा, कांदा आणि सलगम भरून केलेली मोठी भाजकी करंजीच म्हणा.

नगरपालिकेनं प्रत्येक घराला तीन डबे दिले. लाल झाकणाच्या डब्यात ज्याचं पुढे काहीच होणार नाही असा कचरा. तो बिचारा सदा उदास. पिवळ्या झाकणाच्या डब्यात कागद, बाटल्या, धुतलेले पत्र्याचे डबे. त्याला त्या धुतलेपणाचा भारी गर्व. आणि माझ्यात गवत नि वाळकी पानं.

मी ज्या घरी आलो तिथे लॉरी आणि एल्वा हे नवराबायको राहत. लॉरी घरं रंगवायचं काम करी. वाऱ्याच्या दिवशी कुणाचा डबा कुणाच्या दारात जाऊन उभा राहील याचा नेम नाही, म्हणून त्यानं पहिल्याच दिवशी माझ्या अंगावर पांढऱ्या रंगानं घराचा नंबर काढला. चौदा. त्यातला चार जरा कलंडला.

"जन्मभर लोकांची घरं रंगवलीस," एल्वा म्हणाली, "आणि स्वतःच्या घराचा चार वाकडा?"

"वाकडा आहे म्हणूनच ओळखू येईल," लॉरी म्हणाला.

ते माझे भरभराटीचे दिवस होते. लॉरी शनिवारी गवत कापी आणि माझं पोट गळ्यापर्यंत भरे. ओल्या गवताचा वास मला अजून आठवतो. मग एका हिवाळ्यात लॉरी गेला. गवत कापायचं यंत्र विकलं गेलं. मी घराच्या मागे, धुण्याच्या खोलीच्या भिंतीशी, लिंबाच्या झाडाखाली उभा राहिलो तो राहिलोच. माझ्या मुठीवर कोळ्यानं जाळं विणलं. रिकामं असणं म्हणजे काय, ते मी तेव्हा शिकलो.

मग एक दिवस नगरपालिकेचं पत्रक आलं, आणि त्याच्याबरोबर ओट्यावर ठेवायची एक छोटी बादली. यापुढे स्वयंपाकघरातलं उरलंसुरलंही हिरव्या डब्यात टाका, त्याचं खत होईल, असं त्यात लिहिलं होतं. एल्वानं ते पत्रक फ्रिजवर चुंबकानं लावलं. कुठला डबा कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचा ते पुढच्या बाजूला होतं. मागच्या बाजूला थंडीतल्या लसीबद्दल आणि एकट्या राहणाऱ्या शेजाऱ्यांची विचारपूस करण्याबद्दल काहीबाही होतं, पण ती बाजू सगळ्यांच्याच घरी फ्रिजला चिकटलेली असे.

सुरुवातीला एल्वाला ते पटलं नाही. हळूहळू मात्र तिला त्याची गोडी लागली. रोज संध्याकाळी चहा झाला की ती काठी टेकत, बादली घेऊन मागच्या दारातून बाहेर यायची. "घे रे," म्हणायची, "आज फार नाही." मग चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, पावाची कड असं काय काय माझ्यात पडायचं. बुधवारी मात्र मेजवानी असायची, कारण बुधवार हा तिचा पास्टीचा वार. बटाट्याची, कांद्याची, सलगमाची सालं वर्तमानपत्रात गुंडाळून यायची. पुढे नगरपालिकेनं खत वाटलं तेव्हा तिनं एक पोतं आणून लिंबाच्या बुंध्याशी ओतलं. माझ्याच पोटातून गेलेलं माझ्याच शेजारी परत आलं, मित्रांनो. त्या वर्षी लिंबं अशी लगडली की काय सांगू.

तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि शेजारचा क्लेम माझा सारथी झाला. क्लेम बंदरावरच्या धान्याच्या कोठारांत कामाला होता, आता घरीच असे. त्याचीही बायको कधीच गेलेली. टोमॅटोंची लागवड आणि एल्वाची थट्टा हे त्याचे दोन उद्योग.

"मी मेले नाही अजून, क्लेम," ती पहिल्या दिवशी म्हणाली. "माझा डबा मी ओढीन."

"ओढ की. फक्त उतारावर डबा पुढे आणि तू मागे अशी गडगडत गेलीस, तर तुला कुठल्या झाकणाखाली टाकायचं तेवढं सांगून ठेव."

तिला हसू आवरेना. मग ठरलं, की सोमवारी संध्याकाळी क्लेम मला रस्त्याच्या कडेला नेईल, मंगळवारी कचऱ्याची गाडी येऊन गेली की परत आणेल, आणि बुधवारी दुपारी माझ्या झाकणावर फडक्यात गुंडाळलेली एक गरम पास्टी ठेवलेली असेल. कुंपण ओलांडून यायचं आणि न्यायची. आभार मानायचे नाहीत.

आमच्या गल्लीत एक रीत आहे. जो आधी घरी येतो तो सगळ्यांचे डबे आत ढकलतो. आणि गाडी येऊन गेल्यावर संध्याकाळपर्यंत कुणाचा डबा रस्त्यावरच दिसला, तर त्या घराचं दार वाजवायचं. ही रीत कुणी घातली ते ठाऊक नाही, पण आमच्याकडे ती लहान मुलांनाही माहीत आहे.

आणि तरीही त्या मे महिन्यात ते घडलं. आमच्याकडे तेव्हा थंडीची सुरुवात असते. क्लेमनं टोमॅटोची सुकलेली रोपं उपटली. त्याचा स्वतःचा डबा भरला, म्हणून सोमवारी तिन्हीसांजेला उरलेली रोपं त्यानं माझ्यात कोंबली. रोपांबरोबर काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या आणि निळी सुतळीही आली. रात्रभर ते सगळं माझ्या पोटात टोचत राहिलं.

मंगळवारी सकाळी गाडीच्या आधी नगरपालिकेची माणसं झाकणं उघडून बघत आली. ती येणार असं पत्रकात आधीच लिहिलेलं होतं. त्यांनी माझ्या मुठीला एक लाल चिठ्ठी बांधली: डब्यात प्लॅस्टिक सापडलं, या वेळी फक्त ताकीद. थोड्या वेळानं एल्वा टपाल बघायला बाहेर आली आणि जागच्या जागी थांबली. जी बाई मासळीचा पत्र्याचा रिकामा डबासुद्धा साबणानं धुऊन टाकते, तिच्या दारात ती चिठ्ठी, आणि सगळ्या गल्लीला दिसेल अशी. तिनं क्लेमला हाक मारली.

"हे तुझं आहे."

"माझं कशावरून?"

"माझ्याकडे टोमॅटो नाहीत."

"वाऱ्यानं आलं असेल."

"हो का? वाऱ्यानं झाकण उघडलं, आत शिरला, आणि वरून झाकण लावूनही घेतलं?"

समोरच्या घरातली रेनी बाळाची गाडी ढकलत चालली होती. ती हसली. क्लेमचे कान लाल झाले. खरं बोलायची वेळ तीच होती, पण कुणी हसलं की माणसाचं तोंड भलत्याच बाजूला उघडतं. एका चिठ्ठीनं काय आभाळ कोसळतंय, तो म्हणाला, आणि डब्यावर एवढाच जीव असेल तर यापुढे तुझा डबा तूच ने.

"नेईन," एल्वा म्हणाली, आणि आत गेली.

गाडी आली, मला उचलून रिकामं करून गेली. क्लेमनं त्याचे डबे आत नेले. मी उभाच. दुपार झाली. लिंबाखालच्या माझ्या जागी मी असतो तर धुण्याच्या खोलीतला आवाज मला ऐकू आला असता. पण मी रस्त्यावर होतो.

संध्याकाळी लोक येत-जात होते. प्रत्येकानं मला पाहिलं. आणि दार कुणीच वाजवलं नाही. का, ते ऐका. सकाळचं भांडण एव्हाना सगळ्या गल्लीला कळलं होतं. त्यामुळे डबा का उभा आहे हेही सगळ्यांना कळलं होतं. ती म्हणते त्यानं न्यावा, तो म्हणतो तिनं न्यावा. आपण कशाला मध्ये पडा? सगळ्यांना इतकं नीट ठाऊक होतं, की कुणाला विचारावंसंच वाटलं नाही.

बुधवारी दुपारी क्लेमनं दोनदा कुंपणावरून डोकावून पाहिलं. लिंबाखाली मीच नव्हतो, तर पास्टी कुठे असणार? पण हट्टी माणसाला आशा असतेच. रेनी जाता जाता म्हणाली, "अजून अबोलाच का, क्लेम?"

"राणीसरकारांचा राग उतरायला वेळ लागतो," तो म्हणाला.

मित्रांनो, त्या वेळी मला तोंड असतं तर! पण डब्याला तोंड असतं ते फक्त घ्यायला.

मग वारा सुटला. समुद्राकडून येणारा, भुसभुशीत लाल माती उडवणारा. माझ्यात काही असतं तर मी टिकलो असतो. पण मी रिकामा होतो, म्हणून कलंडलो आणि गडगडत रस्त्याच्या मधोमध गेलो. क्लेम पुटपुटत बाहेर आला. "गाडीखाली गेला तर ती पुन्हा माझ्याच नावानं ओरडेल," असं काहीतरी. त्यानं मला एका हातानं उभं केलं आणि त्याचा हात माझ्या मुठीवर तसाच थांबला.

त्यानं झाकण उचललं. आत वाकून पाहिलं. चहाचा चोथा नव्हता. टरफलं नव्हती. बुधवार होता, आणि सलगमाचं एक सालही नव्हतं. एल्वा रागावली असती तर रस्त्यापर्यंत चालत आली असती, त्याच्या खिडकीकडे बघत मुद्दाम आवाज करून बादली पालथी केली असती. हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"माझ्याशी बोलायचं सोडेल ती," तो हळूच म्हणाला. "चहा प्यायचं नाही सोडणार."

आणि तो धावला. माझी मूठ सोडायचंही त्याला सुचलं नाही. त्याच्या मागे मी फरशीवर धडधडत, एका चाकावर, लिंबाखालून थेट धुण्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. म्हणून हे मी सांगू शकतो.

ती जमिनीवर पडलेली होती. आदल्या दिवशी दुपारी धुलाईयंत्रातून चादरी काढताना पाय घसरला होता. हाताला येतील तेवढे सुके टॉवेल तिनं अंगावर ओढून घेतले होते. ओठ कोरडे पडले होते, चेहरा त्या चादरींसारखा पांढरा. क्लेम गुडघ्यांवर बसला आणि तिचं नाव घेऊ लागला. पुन्हा पुन्हा घेत राहिला. मग तिनं डोळे उघडले.

"चिठ्ठी काढलीस का?" तिनं विचारलं.

"काढतो," तो म्हणाला. "माझंच होतं ते, एल्वा. टोमॅटोचं."

"माहीत आहे. पाणी दे."

त्यानं नळाखाली ओंजळ धरली, कारण पेला शोधायला आत जायचं म्हणजे तिला सोडून जावं लागलं असतं. नंतर रेनी आली, रुग्णवाहिका आली. उरलेल्या दुपारी मी दारातच आडवातिडवा उभा होतो आणि पहिल्यांदाच मला कुणी वाटेतून बाजूला हो म्हणालं नाही.

एल्वा बरेच दिवस इस्पितळात होती. क्लेमनं ती लाल चिठ्ठी माझ्या मुठीची सोडली आणि स्वतःच्या डब्याला, रस्त्याच्या बाजूनं, दुहेरी गाठ मारून बांधली. उन्हानं तिचा रंग पार उडाला तरी ती तिथेच होती.

आता ती घरी आहे. काठीच्या जागी चार पायांचा वॉकर आला आहे, आणि बादली त्याच्या दांडीला लटकते. गल्लीची रीतही थोडी बदलली आहे. आता कुणीही माझं चाक लिंबाखाली टेकवलं, की दार वाजवतंच. भांडण असो वा नसो. आतून आवाज येतो, "आहे अजून," आणि मगच ते माणूस जातं. बुधवारी माझ्या झाकणावर आता दोन पास्ट्या असतात. एक रेनीसाठी.

मी म्हातारा झालो आहे. झाकण उन्हानं फिकं पडलं आहे, एक चाक कुरकुरतं. एक दिवस नगरपालिका मला घेऊन जाईल, माझे पुन्हा दाणे होतील आणि कुणास ठाऊक, पुन्हा चकचकीत होऊन मी दुसऱ्या कुणाच्या दारात उभा राहीन. परवा क्लेम पांढरा रंग आणि ब्रश घेऊन आला. माझा नंबर जवळजवळ पुसला गेला होता. तो पट्टी लावून रेघ मारणार, इतक्यात खिडकीतून एल्वा म्हणाली, "वाकडाच काढ." त्यानं वर पाहिलं, पट्टी खिशात घातली आणि चार वाकडा काढला.

मित्रांनो, माझ्यात प्लॅस्टिक टाकू नका हे तर सांगणारच. ते पोटात फार टोचतं. पण खरं मागणं वेगळंच आहे. कुणाचा डबा आत नेऊन ठेवाल तेव्हा लगेच मागे फिरू नका. दार वाजवा. त्या घराचं सगळं काही आपल्याला ठाऊक आहे असं वाटत असेल, तर दोनदा वाजवा.

थांबा जरा. मागचं दार उघडलंय. वॉकरचे पाय फरशीवर टेकत येताहेत, बादलीची कडी वाजतेय. माझं झाकण वर जातं.

"घे रे," ती म्हणते. "आज फार नाही."

आणि चहाचा कोमट चोथा माझ्या तळाशी येऊन बसतो.