मी खुडूक नव्हती, माहं अंडं अडकलं होतं

मी भोंगी बोलून राहिली. भिलाईच्या एका सेक्टरातल्या क्वार्टरामागं जे बाडी हाय, तिथली तांबडी कोंबडी. मी ओरडली का पोलादाच्या प्लांटाचा भोंगा वाजल्यावानी वाटते, म्हनून हे नाव. लिहाले-वाचाले मले येत नाई. पायानं माती उकरते तेवढंच माहं अक्षर. पन चार वर्षांत मानसं मात्र चांगले वाचले म्या, अन् त्याइच्यात चुका लय निघाल्या.

माहा जन्म जवयच्या बोरसी गावचा. तिथून रामाजीनं मले स्कूटरच्या डिक्कीत घालून आनलं. सोबतीले पालकाची जुडी अन् कपड्याच्या साबनाच्या चार वड्या. घरी पोचली तं माह्या अंगाले असा वास, का सिंधुताई म्हने, "अवो, कोंबडी आनली का धोबीन?"

रामाजी माहा मालक. तीस वर्ष नंदिनी गावच्या चुनखडीच्या खदानीत दगड काढले त्यानं, आता पाच सालापासून इथं प्लांटात हाय. सिंधुताई त्याची बायको. दोघंही मूयचे भंडाऱ्याकडचे. तोंडानं तिखट, हातानं सढय. मले सकाय-संध्याकाय भात भेटे. भातावर भात. छत्तीसगडात भाताले काय तोटा!

सहा महिन्याची झाली अन् पयलं अंडं देल्लं. मंग मले मस्ती सुचली. अंडं नसलं तरी अंडे द्याच्या डब्यात बसाची अन् मोठ्यानं बोंब माराची. सिंधुताई कनिक मयता मयता पिठाच्या हातानं पयत याची. डबा रिकामा! मी बाजूले उभी राहून मान वाकडी करून तिचं तोंड पायची. खरं अंडं म्या बंद पडलेल्या कूलरच्या मांगं लपवलेलं राहे. रामाजी दोन-दोन दिवस शोधे. भेटलं का असा खुश व्हाचा, जसं खदानीत सोनं लागलं.

हे मस्ती मले पुढं महाग पडली. खरंच दुखलं तवा कोनाले खरं वाटलं नाई.

पुसाच्या महिन्यातली थंडी होती. एक दिवस अंडं देल्लं तं त्याले कवचच नाई. नुसती पातय पिशवी. बोट लावलं का दबे.

"अवो, पाहा ना हिनं काय देल्लं!" सिंधुताई ओरडली.

रामाजीनं पायलं अन् उभ्या उभ्याच निदान केलं. "नजर लागली. समोरचा शामसुंदर परवाच म्हने, तुमची कोंबडी लय अंडे देते."

दुपारी माह्या खुराड्याले लिंबू-मिरची टांगली. मिरची म्या खाऊन टाकली. नजर उतरली का नाई ते मले मालूम नाई. माह्या अंगात कमी चुन्याची होती, अन् चुना काई लिंबातून आला नाई.

आठ दिवसानं, शुक्रवारी सकायी, अंडं आलं अन् दाराशीच अडलं. मी डब्यात गेली, जोर केला, काईच नाई. बाहीर आली. परत आत गेली. पोट दगडावानी. शेपूट खाली लोंबली, पाय फाकले, डोये आपोआप मिटाले लागले. दाने समोर टाकले तं चोच लावाची इच्छा नाई. अन् मी भोंगी, माह्या गयातून आवाज निंघेना.

सिंधुताईनं पायलं. "मघापासून डब्यात जाऊन राहिली. खुडूक झाली वाटते मेली."

खुडूक म्हनजे अंडं देनं सोडून नुसती डब्यात ठिय्या मारून बसनारी कोंबडी. आमच्या लोकाइपाशी तिच्यावर एकच औषध. थंड पान्यात तीन डुबक्या, अन् नाकात तिचंच पीस. खुडूक मोडते म्हनते.

"नौटंकी हाय तिची," रामाजी म्हने. "आन बादली."

पुसाचं पानी अन् बाडीतला नय. पयल्या डुबकीत श्वास गेला. दुसरीत पाय. तिसरीत पोटातलं सगयं असं आवयलं का अंडं अजून घट्ट बसलं. वरून रामाजीनं माह्याच पाठीचं पीस उपसून माह्याच नाकात घातलं. म्या एक शिंक देल्ली. "पाहा, उतरून राहिली खुडूक," तो म्हने. शिंकेचा असा मान म्या कधी पायला नव्हता.

संध्याकायी सिंधुताईच्या भावाचा फोन आला. आनंदमामा, गोंदियाचा. त्याचा आवाज एवढा मोठा का फोन कानाले लावा नाई तं बाडीत ठेवा, सारखाच.

"ताई, रविवारी येऊन राहिलो."

"ये ना बापा."

"भोंगी कशी हाय?"

"अंडं बंद केलं तिनं. खुडूक झाली."

"मंग टेंशन कशाचं? रस्सा टाक मस्त. फुकट भात खाऊन राहिली ते."

सिंधुताई मंग म्हने, "पाहू. कोंबडी ठेवाची ते अंड्यासाठीच."

म्या आयकलं. आता आमच्या जातीची एक खोड सांगते. कोंबडी दुखनं लपवते. कोपऱ्यात जाऊन मुकाट उभी राहते, का मांजरीले, घारीले कयू नये. मानसाइलेही म्हनूनच कयत नाई. मीही कूलरच्या मांगं जाऊन उभी राहली होती. पन शनिवारी उजाडलं अन् म्या ठरवलं. मराचं तं मरू, पन खुडूक म्हनून नाई. लपाचं नाई. सैंपाकखोलीच्या उंबऱ्यात, एकदम मधोमध उभं राहाचं. ज्याले जाचं-याचं, त्यानं मले पायलंच पाहिजे.

तेवढं चालाले मले किती टाइम लागला, इचारू नका. दोन पावलं, मंग डोये मिटून दम. परत दोन पावलं. सिंधुताईनं पायानं सरकवलं, "हट!" मी परत तिथंच. रामाजीनं उचलून बाडीत ठेवलं. मी परत निंघाली.

तवाच शेजारची ठकूबाई कढीपत्ता मांगाले आली. सत्तरीची म्हातारी. जन्मभर कोंबड्याइतच राहली. आत येता येता माह्यावर अडखयली.

"अवो माय! हे काय मधात?"

"खुडूक हाय मावशी," सिंधुताई म्हने. "काल डुबक्याही देल्ल्या."

ठकूबाई कमरेवर हात ठेवून माह्याकडं पाहत राहली. मंग खाली बसली. "सिंधू, डोये कोनाले उसने देल्ले का तुह्ये? खुडूक कोंबडी अशी राहते? थे डब्यातून उठत नाई. हात घातला का फुगते, गुरगुरते, टोचते. हे तं उंबऱ्यात उभी हाय. शेपूट पाय. दम पाय कशी टाकून राहिली."

तिनं मले मांडीवर घेतलं अन् शेपटाखालच्या दोन हाडाइच्या मधात अलगद बोटं ठेवली. म्या पयल्यांदा कोनाले टोचलं नाई.

"अंडं अडकलं हिचं."

सिंधुताईच्या हातातला कढीपत्ता तसाच राहला. "म्या तं... म्या थंड पान्यात..."

"रडाचं ते मंग. पानी गरम कर आधी. हाताले सोसन एवढंच कोमट. रामाजी, टब आन."

रामाजी टब घेऊन आला, बाह्या वर करून. "मावशी, दाबून काढू का? खदानीत एवढाले दगड हलवले म्या."

"दगड होय का गा तो! आत फुटलं तं भोंगी गेली. तू फक्त टब धर अन् तोंड बंद ठेव."

पोटापावतर कोमट पान्यात बसवलं मले. सिंधुताईनं छातीखाली हात धरला होता. अर्धा घंटा तशीच. हयूहयू पोटातली गाठ सैल झाली. मंग कोरडं पुसून, दाराशी खोबऱ्याचं तेल लावून, कुकरच्या खोक्यात धानाच्या तनसावर ठेवलं, जवय बल्ब लावला, वरून चादर टाकली. ठकूबाई म्हने, "आता कोनी डोकाऊ नका. बायंतपनात काय तमाशा पायता?"

म्या जोर केला. थकली. परत केला. आनंदमामाचा रस्सा डोयासमोर आनला अन् परत केला. रस्सा आठवला का अंगात बय येते, अनुभव हाय माहा. शेवटी आलं ते. वाकडं, खरबडीत, एका बाजूनं चेपलेलं. म्या भोंगा वाजवला. पुरा सेक्टर जागेवर उभा राहला असन.

सिंधुताई पयत आली. या वेयी डबा रिकामा नव्हता.

दुपारी रामाजीनं मले थैल्यात घालून जनावराच्या डॉक्टरपाशी नेलं. डॉक्टरनं सुई टोचली अन् इचारलं, खाले काय देता? भात म्हनल्यावर तो हसला. "अंड्याच्या कवचाले चुना लागते. शिंपल्याचा चुरा ठेवा. अंडे देनाऱ्या कोंबडीचा दाना भेटते, तो द्या. बिनकवचाचं अंडं आलं, तवाच समजाचं होतं. अन् पुन्हा अशी उभी दिसली अन् कोमट पान्यानं दोन-चार घंट्यात सुटलं नाई, तं थांबू नका, घेऊन या. एका दिवसावर गेलं का जीव जाते, हे वाचली ते नशीब."

घरी आल्यावर ठकूबाईनं आयकलं अन् तिचं हसू थांबेना. "तीस वर्ष चुन्याचा दगड काढला बापा, साऱ्या भट्ट्याइले पुरवला, अन् घरच्या कोंबडीले चिमूटभर नाई!" रामाजी उठला, गेला, लिंबू-मिरची काढून फेकली अन् तिथं शिंपल्याच्या चुऱ्याची वाटी बांधली.

रविवारी आनंदमामा आला. जेवाले बसला, ताटात पायलं. वांग्याची भाजी.

"ताई, भोंगी कुठं हाय?"

"बायंतीन हाय ते," सिंधुताईनं वाढता वाढता सांगतलं. "सव्वा महिना तिले कोनी हात लावाचा नाई. त्याच्यानंतरही नाई. भाजी घे."

मामा रामाजीकडं पाहे. रामाजी ताटाकडं पाहे.

आता माहं अंडं आठा-पंधरा दिवसाले एखादं येते, कवच बरं राहते. कधी येतच नाई. सिंधुताई रोज सकायी माह्या शेपटाकडं पाहून मंगच चहा ठेवते. तुमच्याही बाडीत कोंबडी असन, तं अंडं थांबलं का लगेच बादली नाई अन् सुरी नाई. आधी तिले पाहा, कशी उभी हाय, खाते का पाहा, शेपटाखाली अलगद हात लावून पाहा. आमाले बोलता येत नाई, पन उभं राहता येते.

आनंदमामा दिवाईत परत येनार हाय म्हने. येऊ द्या. मी हाय.