डब्यातलं तूप

चौपन्न साली हरजीवनशेठनी अंधेरीच्या प्रसूतिगृहाला नवी इमारत बांधून दिली, तेव्हा डॉक्टर जयंती प्रधानांना आभाळ ठेंगणं झालं होतं. त्याआधी बायका व्हरांड्यात बाळंत होत. पुढे शेठजींच्या कारखान्यातून वनस्पती तुपाचे डबेही फुकट येऊ लागले, आणि पाठोपाठ निरोप आला, की बायकांना या तुपाबद्दल चार शब्द सांगा.

जयंतीबाईंना ते तूप पटत नव्हतं. सरकारी पत्रकात ते साजूक तुपाइतकंच पौष्टिक म्हटलं होतं खरं, पण पत्रक काढणाऱ्या समितीवर शेठजींचे व्याहीच होते.

डबे वाटण्याच्या कार्यक्रमाला शेठजी पहिल्या रांगेत बसले. जयंतीबाईंनी पळवाट काढली. पत्रक जसंच्या तसं वाचलं, पदरचा एक शब्द घातला नाही.

तेवढ्यात वेसाव्याची सगुणा पोट सावरत उठली. "हे सरकार सांगतं, बाय. तुमी काय सांगता?"

शेठजी हसून म्हणाले, "सांगा ना, डॉक्टरबाई. यांचा विश्वास तुमच्यावरच आहे."

आतल्या खोलीत एक बाई कळा देत होती. शेठजींनी कबूल केलेला वरचा मजला अजून अर्धवट होता.

"मीही तेच सांगते," जयंतीबाई म्हणाल्या.

सगुणा निर्धास्त झाली. जाताना तिने डबा मागून घेतला. "तुमी बोललात म्हणून नेते."

तिला थांबवावं म्हणून जयंतीबाई पुढे झाल्या, तर शेठजींना वाटलं, त्या मदतीला आल्या. त्यांनी पुढचा डबा जयंतीबाईंच्याच हातात दिला. समोर बायकांची रांग होती. जयंतीबाई डबे वाटत राहिल्या.